चौथा शब्द

अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूला 'आता बाहेर बस' असं सांगून काही उपयोग नसतो. तो 'हो हो' म्हणतो, घोटभर पाणी पितो, आणि तुमची पाठ वळली की पुन्हा मैदानात. म्हणून त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं. हेल्मेट नसेल तर पंच आत घेत नाहीत. ते नुसतं हातात धरूनही भागत नाही, कारण सव्वाशे किलोचा पोरगा ते सहज हिसकावून नेतो. मी त्यावर बसते. माझं वजनही काही कमी नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला ढकलून देण्याची हिंमत अजून तरी कुणाची झालेली नाही.

मी मार्गिट ओल्सन. आयोवातल्या ऑर्डवे कॉलेजच्या संघाची दुखणीखुपणी माझ्याकडे असतात. मुरगळलेले घोटे, निखळलेली बोटं, बर्फाच्या पिशव्या, चिकटपट्ट्यांची रिळं. पोरं मला 'डॉक' म्हणतात. मी डॉक्टर नाही हे त्यांनाही माहीत आहे, पण हाक पडली ती पडली. कॉलेज अगदी लहान. इथे खेळण्याबद्दल कुणाला फी माफ होत नाही आणि आमचे सामने टीव्हीवर दिसत नाहीत. शनिवारी दुपारी बघायला येतात ते आईबाप, आजोबा आणि मका काढून मोकळे झालेले शेतकरी. इथून कुणी मोठा खेळाडू होऊन बाहेर पडलेला मला आठवत नाही. तरी ही पोरं एकमेकांच्या अंगावर अशी धावून जातात जसं काही गाव लुटायला कुणी आलंय. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि हल्ली मी विचारतही नाही.

दर ऑगस्टमध्ये, सराव सुरू होण्याआधी, मी एकेकाला माझ्या खोलीत बोलावते आणि पाच शब्द सांगते. मग वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला लावते, एका पायावर डोळे मिटून उभं करते, आणि शेवटी विचारते, मघाचे पाच शब्द कोणते? पुढे हंगामात कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा हेच, फक्त शब्द नवे. ऑगस्टपेक्षा कमी आठवले तर मेंदूला हिसका बसलाय, गपचूप बाहेर बस. सरळ हिशोब आहे.

पोरांनी त्यावरही तोड काढलेली आहे. चौथ्या वर्षाचे पहिल्या वर्षाच्यांना बुटांचे बंद बांधायला शिकवावं तसं शिकवतात की ऑगस्टमध्ये मुद्दाम दोन शब्द विसरायचे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये खरोखर दोन विसरले तरी डॉकला पत्ता लागत नाही. पहिला पोरगा माझ्या खोलीतून बाहेर पडला की पाचही शब्द रांगेच्या शेपटापर्यंत पोचलेले असतात, कोणते दोन गाळायचे त्यासकट. मला हे माहीत आहे, हेही त्यांना माहीत आहे. पण समोरचा 'आठवत नाही' म्हणाला तर त्याच्या डोक्यात हात घालून शब्द काढता येत नाहीत.

त्या वर्षीचे शब्द होते लोणी, कात्री, ढग, खोगीर आणि शिडी.

लेलँड व्हॉस खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची कुरकुरली. शेवटचं वर्ष, संघाचा कर्णधार, डोळे मात्र तिसरीतल्या मुलाचे.

"लोणी," तो म्हणाला. "कात्री. ढग." मग छताकडे बघत राहिला.

"अजून?"

"नाही येत, डॉक."

"लाज वाटते का काही? घरी पाच घोडी बांधलीत, आई अख्ख्या काउंटीतल्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवते, आणि तुला खोगीर आठवत नाही?"

"मी उघड्या पाठीवरच बसतो, डॉक. खोगिराशी माझा संबंध नाही."

"नीघ. पुढच्याला पाठव."

पुढचा रेने सलाझार होता, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव ठरवणारा आणि चेंडू चालवणारा. उंचीने लेलँडच्या काखेत बसेल एवढाच. त्याचा बाप डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला, आई त्याच कारखान्याच्या खानावळीत. चार वर्षं हे दोघं एका खोलीत राहत होते आणि एकाच ताटात जेवल्यासारखे वागत होते.

"लोणी, कात्री, ढग," रेने म्हणाला. "बाकीचे गेले. नाश्ता नाही केला ना सकाळी."

"अरे, निदान वेगळे तरी विसरा! दोघांनी तेच दोन?"

"आमचं सगळं एकत्रच असतं, डॉक," तो गोड हसून म्हणाला. तो हसला की त्याला ओरडणं जमत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खरंच, मैदानावर त्यांचं सगळं एकत्रच होतं. लेलँड सेंटर. म्हणजे वाकून जमिनीवरचा चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा, आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्याला डोक्याने थोपवायचं. दर डावाला, दिवसभर. रेने त्याच्या मागे चिकटून उभा, चेंडू घ्यायला हात त्याच्या ढुंगणाखाली. डावाआधी सगळे जमतात त्या घोळक्यात रेने आधीच सांगून ठेवतो, की कितव्या हाकेला चेंडू हवा. कधी पहिल्या, कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या. समोरच्यांना ते कळू नये, त्यांनी आधीच उसळावं आणि दंड भरावा, यातच अर्धी गंमत. रेने हाका द्यायचा त्या मला बाकावरून ऐकू यायच्या. तिसऱ्या हाकेवर त्याचा विशेष जीव. समोरचा एखादा भोपळा दुसऱ्यालाच उडी मारायचा आणि लेलँडची पाठ हसण्याने गदगदायची.

सप्टेंबरभर आम्ही जिंकत राहिलो. आमच्या मानाने हे नवलच. गावातल्या खानावळीत लोक घंटेबद्दल बोलायला लागले. आमचा शेवटचा सामना दरवर्षी केसलर कॉलेजशी, आणि जो जिंकेल त्याच्याकडे वर्षभर ती घंटा राहते. जुन्या काळी मळणीच्या मजुरांना जेवायला बोलावताना वाजवत, तसली लोखंडी घंटा. जिंकलेल्या संघातले शेवटच्या वर्षाचे खेळाडू एकेक करून ती वाजवतात. आमच्या या पोरांपैकी एकानेही ती कधी वाजवली नव्हती. लेलँडच्या आजोबांनी वाजवली होती आणि दर नाताळात ते त्याला त्या आवाजाचं वर्णन करून सांगायचे. लेलँडला दुसरं काही नकोच होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्याला तो मार बसला. मला आठवतंय तसं तो फार मोठाही नव्हता. ढिगाऱ्यातून सगळे उठले, तोही उठला. फक्त उठल्यावर त्याने डोकं एका बाजूला झटकलं, कानात पाणी गेल्यावर झटकतात तसं. मी त्याला बाहेर बोलावलं आणि हेल्मेटवर बसले. नवे पाच शब्द दिले. महिने तो धडाधड उलटे म्हणाला. शब्द आले तीन.

"ऑगस्टमध्येही तीनच होते, डॉक," तो म्हणाला. "द्या हेल्मेट."

दिलं नाही. तो सामना त्याला बसवलं, पुढचा आठवडाही बसवलं. पण नंतर तपासायला आलेल्या डॉक्टरांनीही तीन धरले, ऑगस्टचेही तीन धरले, आणि जा म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण डॉक्टरांचं तरी काय चुकलं? त्यांच्यापुढे दोन सारखे आकडे होते. खरे पाच होते हे मला माहीत होतं, आणि माहीत आहे एवढ्याने भागत नाही.

मी डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत राहिले. चालणं ठीक, बोलणं ठीक, जेवण तर काय विचारता. मग एका शनिवारी बाकावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की रेनेची तिसरी हाक बरेच दिवसांत ऐकू आलेली नाही. दुसरीही नाही. प्रत्येक डाव पहिल्याच हाकेला सुरू होत होता. समोरच्यांच्याही ते लक्षात आलं होतं. हाक पडली रे पडली की ते आमच्या पोरांवर कोसळत होते. आम्ही तो सामना हरलो, त्यापुढचाही हरलो.

सोमवारी रेने मनगटाला पट्टी मारून घ्यायला आला.

"सगळे चेंडू पहिल्याच हाकेला का रे?"

"सोपं पडतं, डॉक."

"कुणाला सोपं पडतं?"

तो पट्टीचं रीळ बोटावर फिरवत राहिला. "पुढच्या फळीत नवी पोरं आहेत. गोंधळतात."

"आणि लेलँड?"

"लेलँडला काय धाड भरलीय? काल माझ्या वाटणीचा अर्धा पिझ्झा गिळला त्याने." या वेळी तो हसला, पण ते हसणं मला पटलं नाही.

मी तडक कोच ह्यूबरकडे गेले. ड्वेन ह्यूबर वाईट माणूस नाही. पोरांची लग्नं, बारशी, बापांची मयतं, सगळीकडे जातो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळले.

"तू सांगशील तर बसवतो त्याला, मार्गिट. पण काय म्हणून बसवू? डॉक्टर म्हणतात बरा आहे. तो म्हणतो बरा आहे. त्याच्या आईला काय सांगू, की क्वार्टरबॅक हाका कमी देतो म्हणून?"

"हो, तेच सांग."

"तू सांगशील?"

मी सांगितलं. शनिवारी मैदानाच्या कडेला ट्रकच्या मागे जेवणं मांडलेली होती. लेलँडची आई पावात हॅम भरत होती. तिने सगळं ऐकलं, पोराला हाक मारली आणि माझ्यादेखत विचारलं, "डोकं दुखतं का तुझं?" तो म्हणाला, "नाही गं आई." तिने माझ्याकडे बघितलं. आईसमोर धडधडीत खोटं बोलणाऱ्या पोराला खोटं पाडायचं तर हातात काहीतरी लागतं. माझा हात रिकामा होता. तिने त्यात एक सँडविच ठेवलं.

केसलरचा सामना आमच्याकडे होता. थंडी अशी की पाण्याच्या बाटल्यांना बर्फाची साय धरत होती. कुंपणाला माणसं खेटून उभी. घंटा केसलरवाल्यांनी आणून मैदानाच्या टोकाला तिवईवर टांगली होती, आणि सराव करताना आमची पोरं तिच्याकडे बघायचं टाळत होती.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि त्यांच्या गोलरेषेपासून चार पावलांवर. एकदा चेंडू आत गेला की जिंकलो. घड्याळ थांबवायला मागता येतो तो टाइमआउट एकच शिल्लक. मी मैदानाच्या कडेला इतकी जवळ उभी होते की पंचाने मला दोनदा मागे ढकललं. एक डाव झाला, ढिगारा झाला, रेनेला पुढे सरकता आलं नाही. पोरं उठली आणि घोळका जमला. रेने बोलताना दिसला, मग थांबला. लेलँड त्याच्याकडे वाकून काहीतरी म्हणाला.

आणि रेनेने दोन्ही हातांनी खूण करून टाइमआउट मागितला.

"रेने!" कोच ओरडला. "तो शेवटचा आहे! काय करतोस?"

रेनेने लेलँडचं कोपर धरलं होतं आणि म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसा त्याला घेऊन येत होता. कडेला आल्यावर त्याने लेलँडच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, आणि ते माझ्या हातात दिलं.

"यावर बसा, डॉक," तो म्हणाला. त्याचं तोंड वाकडं झालं होतं. "उठू नका."

"अरे पण काय झालं?" कोचने विचारलं.

"तो खेळणार नाही."

"मी ठीक आहे," लेलँड म्हणाला. "द्या ते. डॉक, द्या ना. घंटा..." त्याने माझ्या दंडाला धरलं. मी बसले. ओरडले, शिव्या दिल्या, माझ्या आईने ऐकल्या असत्या तर तिने माझं तोंड साबणाने धुतलं असतं. पण उठले नाही.

त्याच्या जागी दुसऱ्या वर्षाचा पोरगा गेला. रेनेने हाक दिली, पोराने चेंडू बरोबर मागे दिला. पण चार वर्षं ते हात लेलँडखाली होते. चेंडू केसभर वर आला, रेनेच्या बोटांवर आपटला आणि उडाला. तीन जण त्याच्यावर पडले. ढिगारा उपसला तेव्हा चेंडू केसलरच्या मुलाच्या पोटाखाली होता.

घंटा त्यांनीच वाजवली. एकेक करून, सगळ्यांनी. आजोबा लेलँडला सांगत तसाच तिचा आवाज होता, जाड आणि लांब.

लेलँड माझ्याशेजारी बाकावर बसला होता, खांद्यावर घोंगडी.

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

"केसलर."

त्याने चेहरा हातांत लपवला आणि रडला. मग मैदानाकडे वळला आणि म्हणाला, "डॉक, कोण जिंकलं?"

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने हे पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी मी सांगितलं, आणि दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडला. एकदा मला वाटलं, सांगावं, आपण जिंकलो. नाही जमलं. त्याची आई समोर उभी होती आणि या वेळी तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत कसलाच प्रश्न नव्हता.

रुग्णवाहिका गेल्यावर रेनेच्या मनगटाची पट्टी कापताना मी विचारलं, "काय म्हणाला तो तुला?"

त्याने आधी मान हलवली. मग कात्री थांबली तसा बोलला.

"मी सांगत होतो, पहिल्या हाकेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'तू नवा आहेस का रे? नाव काय तुझं?'" रेनेने नाक पुसलं. "चांगुलपणाने विचारलं हो. नव्या पोराला विचारतो तसं. घाबरू नको, सांभाळून घेऊ, असं."

"आणि हाका? ऑक्टोबरपासून?"

"तो विसरायचा. घोळक्यातून आपल्या जागेवर जाईपर्यंत विसरायचा. मला वाटलं, पहिलीच ठेवली तर..." त्याने सुटलेली पट्टी मुठीत चुरगळली. "डॉक, हे कुणाला सांगू नका. त्याला तर नकोच."

गावातल्या प्रत्येक शहाण्याने नंतर सांगितलं, की रेनेने त्याला नुसतं मैदानावर बसवलं असतं तरी पंचांनीच घड्याळ थांबवलं असतं आणि टाइमआउट वाचला असता. खानावळीत एकाने माझ्यासमोरही हे अक्कलज्ञान पाजळलं. मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी तूच ये की क्वार्टरबॅक म्हणून, हाफ पँट माझ्याकडून.

लेलँडच्या मेंदूत काही फुटलं-बिटलं नव्हतं, एवढं फोटोत दिसलं. पण डिसेंबरभर तो घरी पडदे ओढून पडून राहिला. उजेड सहन होत नव्हता, परीक्षा बुडाल्या. जानेवारीत परत आला तेव्हा त्याने खोली बदलून घेतली. त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याच्याकडे होतं ते फक्त लोकांनी सांगितलेलं, की तू आपल्या पायांवर उभा होतास, बोलत होतास, आणि रेनेने शेवटचा टाइमआउट घालवून तुला बाहेर काढलं. आपण ठीक होतो अशी त्याची पक्की समजूत झाली. बाकावरचं ते पुन्हा पुन्हा विचारणं हरल्याच्या धक्क्याचं, असं तो म्हणायचा. बाहेर काढण्याआधीच तो ठीक नव्हता हे दाखवणारी एकच गोष्ट होती, ती त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती आणि रेनेने ती तोंडात धरून ठेवली होती.

रेने कॉलेजच्या व्यायामशाळेच्या दारात टॉवेल वाटण्याचं काम करायचा. लेलँड तिथे जायचा तर घरून स्वतःचा टॉवेल घेऊन.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो माझ्या खोलीत आला. खुर्ची कुरकुरली, पण पूर्वीइतकी नाही. बराच वाळला होता.

"आई घोड्यावर बसू देत नाही," तो म्हणाला. "म्हणते, मार्गिट हो म्हणाली तर बस. तुम्ही हो म्हणा."

"मी नाही म्हणाले तर?"

"कशाला नाही म्हणाल? डोकं दुखत नाही. उजेडाचं काही नाही. अभ्यास होतो." तो पुढे सरकला. "डॉक, एक सांगू? ऑगस्टमध्ये मी सोंग केलं होतं. मला पाचही येत होते."

"नवीन काहीतरी सांग."

"रेनेने आणि मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं, चौथा आणि पाचवा गाळायचा. शब्द कुठलेही येवोत." रेनेचं नाव तोंडातून निघाल्यावर तो जरा अडखळला. "पण येत होते. अजूनही येतात. सहा महिने झाले, तरी येतात. डोकं बिघडलेल्या माणसाला येतील का? ऐका."

त्याने हात वर धरला आणि बोटं मोजायला लागला.

"लोणी. कात्री. ढग." तीन बोटं. मग एक बोट सोडून त्याने करंगळी धरली. "शिडी पाचवा. आणि चौथा..."

मी त्याच्याकडे बघत राहिले. कोपऱ्यात बर्फाचं यंत्र घरघरत होतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, भरभर, म्हणजे वेगात असताना चौथा आपोआप बाहेर पडेल. लोणी, कात्री, ढग. तिथेच थांबला. सहा महिन्यांपूर्वीचा शब्द कुणीही विसरेल. मीही विसरले असते. पण हा शब्द याच्या घरी तबेल्याच्या भिंतीवर ओळीने टांगलेला असतो. चालायला शिकायच्या आधी याला त्यावर बसवलेलं होतं. आणि आत्ता तो आला होता तोच त्यासाठी.

"सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगत."

"येईल." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "तुम्ही तेव्हा मला त्यावरून बोलला होतात. काहीतरी बोलला होतात. मी काहीतरी उलट बोललो आणि तुम्ही म्हणालात, नीघ." तो माझ्याकडे बघत होता, तिसरीतल्या मुलाच्या डोळ्यांनी. "डॉक, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हटलं. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "लेलँड, सहा महिन्यांनी एक शब्द जाणं म्हणजे काही नाही. पण त्या दिवशी घोळक्यात तुझ्या डोक्यातून शब्द नव्हता गेला."

आणि मी त्याला सांगितलं. रेनेने सांगू नका म्हटलं होतं. मी सांगितलं. 'तू नवा आहेस का रे? नाव काय तुझं?' हे जसंच्या तसं.

त्याने धरलेली करंगळी सोडली.

"रेनेला विचारलं मी हे?"

"रेनेला."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. तुझं कोपर धरलं."

तो उठला. मला वाटलं बाहेर जाऊन रडेल, किंवा गाडीत बसून सरळ घरी जाईल. मी दारापर्यंत गेले. तो व्यायामशाळेच्या बाजूला वळला, हात रिकामे, टॉवेल नव्हता. टेबलापलीकडे रेने घड्या घालत होता. त्याने वर बघितलं आणि घडी अर्धीच राहिली. लेलँड टेबलासमोर उभा राहिला, एवढा मोठा देह कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा.

"तू नवा आहेस का रे?" तो म्हणाला. आवाज फाटला होता. "नाव काय तुझं?"

रेनेने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आतून वजनं आदळल्याचा आवाज तेवढा येत होता.

"सलाझार," रेने म्हणाला. "रेने. तुझं?"

"व्हॉस." लेलँडने टेबलावर दोन्ही हात टेकले. "रेने, ऑगस्टमधला चौथा शब्द काय होता?"

रेनेने 'कसला शब्द' असं विचारलं नाही. क्षणभरही थांबला नाही.

"खोगीर, गाढवा," तो म्हणाला, आणि टेबलाला वळसा घालून बाहेर आला.

"खोगीर," लेलँड म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग रेनेच्या खांद्यावर डोकं टेकून, हळू आवाजात, पाठ करत असल्यासारखा म्हणत राहिला.